ज्यू डे स्कूल की पब्लिक स्कूल? (लेकीच्या किंडरगार्टनवरून)

पेणची_पोर | १४ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. आठ वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माहेर ठाण्याचं, मूळ गाव पेण. नवरा लाँग आयलंडचा, अश्केनाझी, म्हणजे पणजोबा पोलंडहून आलेले. राहतो न्यू जर्सीत, हायलंड पार्कला. इथून एडिसनची देशी दुकानं गाडीने दहा मिनिटांवर आणि शनिवारी सकाळी खिडकीतून बघावं तर अख्खी कुटुंबं नटूनथटून सिनेगॉगला चालत निघालेली. मला दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं, म्हणून घर इथे घेतलं.

लेक पुढच्या सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल. पब्लिक स्कूल पाच मिनिटांवर, फुकट आणि चांगलं. दुसरा पर्याय ज्यू डे स्कूल. त्याची वर्षाची फी वीस हजार डॉलरच्या वर, शिवाय इमारत निधी आणि कसले कसले आकार. नवरा स्वतः पब्लिक स्कूलमध्ये शिकला. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी हिब्रू स्कूल. तो म्हणतो, "पाच वर्षं गेलो, बार मिट्झवाला (तेराव्या वर्षीच्या विधीला) पोपटासारखं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं गेलं." म्हणून त्याला डे स्कूल हवंय. माझं मन होत नाही.

पैशाचं कारण आहेच. दुसरं सांगते. शाळा बघायला गेलो. अर्जात माझ्या आईवडिलांच्या कतुबेची, म्हणजे लग्नाच्या कराराची, प्रत मागितली होती. ती ठाण्याच्या सिनेगॉगची आहे, आणली होती. ऑफिसातल्या बाईंनी ती पाहिली, मला पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या घराण्याने धर्मांतर केव्हा केलं?"

मी काही बोलले नाही. पार्किंगमध्ये येईपर्यंत सगळं सुचलं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, वगैरे. पण पार्किंगमध्ये सुचून काय उपयोग?

तुमच्यापैकी कोणाचा या शाळांशी संबंध आला आहे का? आत नक्की काय चालतं?

---

मिनू_२० | १४ नोव्हेंबर

वाचतेय. एक भाबडा प्रश्न: डे स्कूल म्हणजे काय वेगळं? शाळा दिवसाच असते ना?

---

खडूफळा | १५ नोव्हेंबर

मिनू, प्रश्न भाबडा नाही. संध्याकाळच्या आणि रविवारच्या 'हिब्रू स्कूल'पासून वेगळी ओळखू यावी म्हणून दिवसभराच्या शाळेला डे स्कूल म्हणतात. धर्म आणि गणित एकाच छपराखाली.

मी जन्माने ज्यू नाही, कोल्हापूरची आहे. उत्तर जर्सीतल्या एका ज्यू डे स्कूलमध्ये अकरा वर्षं चौथीला गणित आणि विज्ञान शिकवते. त्यामुळे आत काय चालतं ते सांगू शकते, निदान माझ्या शाळेतलं.

दिवस आठ ते चार. आधी प्रार्थना, मग दुपारपर्यंत 'लिमुदे कोदेश': हिब्रू, तोरा (मूळ धर्मग्रंथ), सण, पाचवीपासून मिश्ना (जुने धर्मनियम). जेवण आणि खेळाच्या सुट्टीनंतर 'लिमुदे खोल': इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र. काही शाळा दोन्ही आलटून पालटून ठेवतात, आमच्याकडे सरळ दोन भाग. हिब्रूत 'खोल' म्हणजे जे पवित्र नाही ते, रोजचं, साधंसुधं. वाळूलाही तोच शब्द. मी पहिल्या वर्षी मुलांना सांगितलं की माझ्या भाषेत खोल म्हणजे डीप. तेव्हापासून माझ्या वर्गात गणिताला 'मराठी खोल' म्हणतात.

मुलांची एक वही मी बघत बसायचे. हिब्रू उजवीकडून डावीकडे, इंग्रजी डावीकडून उजवीकडे. एका मुलाने वही दोन्ही बाजूंनी सुरू केली होती. एका पुठ्ठ्याकडून बेरेशीत, म्हणजे उत्पत्तीची गोष्ट, दुसऱ्या पुठ्ठ्याकडून अपूर्णांक. मार्चमध्ये दोन्ही मध्यावर येऊन भिडले आणि तो नवी वही मागायला आला. हिब्रू पानांच्या वरच्या कोपऱ्यात तीन बारीक अक्षरं, बेत-समेख-दालेत, 'आकाशातल्याच्या साहाय्याने'. आपण कागदाच्या माथ्यावर 'श्री' काढतो, तसंच. प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं की उचलून त्याचा मुका घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजी आठवली. पुस्तकाला पाय लागला की कपाळाला लावायला लावायची. देवाचं नाव असलेला कागद कचऱ्यात जात नाही, त्यासाठी वर्गात वेगळा खोका असतो. तो भरला की कागद पुरतात.

आता उणी बाजू. दुपारी एक वाजता माझ्यासमोर येणारी मुलं चार तास डोकं चालवून आलेली असतात. चित्रकला, संगीत यांना वेळ कमी. सप्टेंबर-ऑक्टोबर तर धरूच नका. रोश हशाना, योम किपूर, सुक्कोत, सिम्हात तोरा हे सण ओळीने येतात आणि शिकवायला दिवस उरतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. थंडीत शुक्रवारी लवकर सुटी, कारण सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिवस, सुरू. आणि पेणची_पोर, हे नीट लक्षात घ्या: मुलाला शिकण्यात काही अडचण निघाली, तर पब्लिक स्कूलला कायद्याने योग्य ती मदत द्यावी लागते. खासगी शाळेत ती कधी मिळते, कधी शाळाच म्हणते की आम्हाला झेपणार नाही.

डबा: मांस न्यायचं नाही, शेंगदाणे नाहीत, आणि वर्गात वाटायचं तर फक्त कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारं) असा छाप असलेलं बंद पाकीट. मी अकरा वर्षं स्टाफरूममध्ये पोहे खातेय, तेही 'बाहेरच्यांसाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून.

ऑफिसातल्या बाईंबद्दल काय लिहू? वाईट वाटलं.

---

सडेतोड_नाना | १५ नोव्हेंबर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. वर्षाला वीस हजार डॉलर देऊन पोरीला फक्त आपल्यासारख्यांत वाढवायचं. याला आमच्याकडे वेदपाठशाळा म्हणतात, दुसऱ्यांकडे मदरसा म्हणतात, आणि दोन्हीवर आपण लेख पाडतो. डॉलरमध्ये फी असली की लगेच 'संस्कार'? पब्लिक स्कूलमध्ये तिला कोरियन मैत्रीण मिळेल, घानाचा मित्र मिळेल. अमेरिकेत राहून हे सोडायचं कशाला?

आणि जिथे दारातच 'धर्मांतर केव्हा' विचारतात, तिथे 'आपल्यासारखे' तरी कुठले?

---

रविवारची_शाळा | १६ नोव्हेंबर

नाना, शेवटचं वाक्य लागलं. पण मधलं पटलं नाही.

मी सहा वर्षं आमच्या गावच्या मराठी शाळेत रविवारी शिकवते. दीड तास. चर्चचं तळघर भाड्याने घेतलंय. मुलं गोड आहेत. गणपतीला 'सुखकर्ता' म्हणतात आणि एकही शब्द कळत नाही. जूनमध्ये 'ळ' शिकवून झाला, की सप्टेंबरात पुन्हा 'ळ'. आईवडील गाडी चालू ठेवून दारात सोडतात, कारण पुढे सॉकर आहे. त्यांना दोष देत नाही, माझ्या मुलाचंही तेच झालं. तो आता सतरा वर्षांचा आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत.

पेणची_पोरच्या नवऱ्याने हिब्रू स्कूलबद्दल जे सांगितलं ते वाचून मी हसले आणि मग हसू गेलं. आठवड्याला दीड तासात मुलाला एवढंच कळतं की आईबाबांना हे महत्त्वाचं वाटतं, पण सॉकरपेक्षा कमी. रोज अर्धा दिवस दिला तर काय होतं, हे आपल्याला माहीतच नाही, कारण आपण कधी दिलाच नाही. मला तरी या लोकांचा हेवा वाटतो.

---

मिनू_२० | १६ नोव्हेंबर

"सॉकरपेक्षा कमी". आमच्या घरी फक्त सॉकरच्या जागी कथक. बाकी तंतोतंत.

---

जर्सीचा_जावई | १७ नोव्हेंबर

पैसे आणि कायद्याचं थोडं.

१. बस. न्यू जर्सीत खासगी शाळा, धार्मिक असली तरी, घरापासून दोन मैलांहून लांब आणि वीस मैलांच्या आत असेल, तर शाळा-जिल्ह्याला बस द्यावी लागते. परवडत नसेल तर पालकाला वर्षाला हजार डॉलरच्या वर रोख. हा वाद आपल्याच राज्यातल्या ईविंग गावातून थेट सुप्रीम कोर्टात गेला होता, एव्हर्सन खटला, १९४७. मुलं कॅथलिक शाळांची होती, पण निकालाचा फायदा ज्यू शाळांनाही झाला. पाच विरुद्ध चार. गंमत म्हणजे त्याच निकालात धर्म आणि सरकार यांच्यात भिंत हवी हेही ठासून लिहिलंय, आणि बस मात्र भिंतीतून जाऊ दिली.

२. त्याआधी १९२५ चा पिअर्स खटला. ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये कायदा केला की प्रत्येक मुलाने पब्लिक स्कूलमध्येच जायचं. त्याच्या मागे कू क्लक्स क्लॅनचा जोर होता. कोर्टाने तो रद्द केला. नाना, 'सगळे एकाच शाळेत' हा विचार दिसतो तितका निरुपद्रवी नसतो, एवढंच. (हलके घ्या.)

३. फी. छापील आकडा बघून पळू नका. बऱ्याच शाळांत मोठ्या संख्येने घरं पूर्ण फी भरतच नाहीत. टॅक्स रिटर्न, पगारपत्रक, घराचं कर्ज, सगळं समितीपुढे मांडायचं आणि सवलत मागायची. माझ्या साडूने मागितली. म्हणाला, पैसे मिळाले, पण समितीतला एक जण त्याच्याच सिनेगॉगचा होता, आणि पुढचं वर्षभर नवी गाडी घ्यायची भीती वाटली.

---

तर्कटराव | १८ नोव्हेंबर

धाग्यात 'ज्यू शाळा' हा शब्द एका वस्तूचं नाव असल्यासारखा वापरला जातोय. तसं नाही.

२०१८-१९ च्या गणनेप्रमाणे अमेरिकेत सुमारे ९०० ज्यू डे स्कूल आणि त्यांत २,९०,००० च्या वर मुलं. त्यातली निम्म्याहून बरीच जास्त हसिदी आणि येशिवा (धर्मशिक्षणाच्या पाठशाळा) परंपरेच्या कडव्या शाळांत. खडूफळा शिकवतात तशी आधुनिक ऑर्थोडॉक्स शाळा वेगळी, कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या शेख्टर शाळा वेगळ्या, रिफॉर्मवाल्यांच्या मोजक्या शाळा आणखी वेगळ्या. ब्रुकलिनमधल्या काही हसिदी मुलग्यांच्या शाळांत इंग्रजी आणि गणित इतकं जुजबी असतं, की तिथूनच शिकून बाहेर पडलेल्यांनी सरकारकडे तक्रारी केल्या. न्यूयॉर्कचा जुना कायदा सांगतो की खासगी शाळेचं शिक्षण पब्लिक स्कूलच्या 'बरोबरीचं' हवं. ते कसं तपासायचं याचे नियम राज्याने २०२२ मध्ये केले आणि त्यावर अजून भांडण चालू आहे. तेव्हा नानांची शंका त्या टोकाला खरी आहे, पेणची_पोर बघतायत त्या शाळेला ती लागू होईलच असं नाही.

इतिहासही उलटसुलट आहे. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला एत्झ खाईम ही येशिवा १८८६ मध्ये निघाली, पण त्या काळचे बहुसंख्य ज्यू स्थलांतरित पब्लिक स्कूलच्या प्रेमात होते. रशियात जे दार बंद होतं ते इथे फुकट उघडं. १९१० पासून न्यूयॉर्कमध्ये ज्यू शिक्षणाची घडी बसवणारे सॅमसन बेंडरली यांचंही मत हेच: दिवसा पब्लिक स्कूल, ज्यू शिक्षण जोडीला. डे स्कूलची लाट नंतरची. बोस्टनची मायमॉनिडीस आणि मॅनहॅटनची रामाझ, दोन्ही १९३७. तोरा उमसोरा ही शाळा काढत सुटलेली संस्था १९४४ ची. युरोपातली शिकण्याची केंद्रं बेचिराख होत असतानाचं हे साल आहे, योगायोग नाही.

अवांतर: प्राथमिक शाळा हा प्रकारच यांच्याकडे फार जुना. तालमूद या त्यांच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, बावा बात्रा भागात, गोष्ट आहे. आधी बाप मुलाला शिकवायचा, बाप नसलेला पोर अडाणी राहायचा. मग जिल्ह्याच्या ठिकाणी गुरुजी नेमले आणि सोळा-सतराची मुलं पाठवू लागले. गुरुजी रागावले की ती लाथ मारून निघून जायची! शेवटी येहोशुआ बेन गमला या मुख्य पुरोहिताने, सुमारे १९५० वर्षांपूर्वी, गावोगाव शिक्षक नेमून सहा-सात वर्षांची मुलं बसवली. पुढे पटसंख्याही ठरवली आहे: पंचवीस मुलांना एक गुरुजी, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नासला दोन गुरुजी. आपल्या जिल्हा परिषदेने हे वाचावं.

---

खडूफळा | १८ नोव्हेंबर

तर्कटराव, त्याच पानावर आणखी एक आहे, आमच्या सकाळच्या शिक्षिकेने सांगितलेलं. मुलाला मारायचंच असेल तर चपलेच्या बंदाने, त्याहून जड कशाने नाही. आणि शिकणारा शिकला. न शिकणाऱ्याला तसाच वर्गात इतरांच्या संगतीला बसू द्यावं. या दुसऱ्या वाक्यावर मी कितीतरी पालकसभा निभावल्या आहेत.

---

अश्दोदकर | २० नोव्हेंबर

शालोम सर्वांना. मुलगी, तुझा धागा नातवाने उघडून दिला. मी अश्दोदला राहतो, वय सत्त्याहत्तर. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

तू विचारतेस ते आमच्याकडे मुंबईत होऊन गेलं आहे. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ साली बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. पुढे तिला सर एली कदूरी यांचं नाव लागलं. माझगावची शाळा. त्याच्या आधी आमची मुलं मिशनच्या शाळांत जायची. गंमत बघ, आम्हाला बायबल मराठीत वाचायला दिलं ते पाद्र्यांनी. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून १८३२ साली छापलं. त्यांना आम्हाला ख्रिस्ती करायचं होतं, आम्ही त्यांच्याकडून शिकलो आणि जास्त ज्यू झालो. पण केहीमकरांना वाटलं, आपलं आपण शिकवावं.

मी त्या शाळेत होतो साठच्या दशकात. गणित मराठीत, भूगोल मराठीत. हिब्रूचा तास असायचा. सरांनी अक्षर काढलं की आम्ही मराठीत ओरडायचो. रिबेका रूबेनबाई, ज्या १९०५ साली मॅट्रिकला विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या, त्या १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या. मी जाईपर्यंत त्या नव्हत्या, पण दरारा होता. माझी आई म्हणायची, "रूबेनबाई असत्या तर तुझे कान लांब झाले असते." वर्गात हिंदू, मुसलमान सगळे होते. म्हणजे नानांनी लिहिलं तशी फक्त आपल्यांची शाळा नव्हती ती. आता तर आमची मुलं तिथे जवळपास नाहीतच, कारण आम्हीच इथे आलो.

इथे इस्रायलमध्ये 'डे स्कूल' हा शब्दच नाही. १९५३ च्या कायद्याने सरकारी शाळाच दोन प्रकारच्या, साधी आणि धार्मिक. साध्या शाळेतसुद्धा बायबल शिकवतात, सुट्ट्या आपल्याच सणांच्या. फी नाही. माझ्या मुलांना तोरा कशी शिकवावी हा प्रश्न कधी पडला नाही. पण त्यांना नव्याचा सण म्हणजे काय ते माहीत नाही. रोश हशाना माहीत आहे. खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण, ही नावं माझ्याबरोबर जातील. शाळेने हिब्रू दिली आणि मराठी काढून घेतली. मी तक्रार करत नाही, हिशोब सांगतो.

त्या ऑफिसच्या बाईबद्दल. मी तरुण असताना इथल्या रब्बीनेटने, म्हणजे धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेने, आमच्या लग्नांबद्दल असाच प्रश्न काढला होता. आजीपणजीपर्यंत चौकशी करा म्हणाले. आमचे लोक जेरुसलेमला रस्त्यावर बसले. १९६४ साली क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत, वेगळी वागणूक नको. तेव्हा त्या बाईला सांग, हा प्रश्न विचारून झाला आहे, उत्तरही मिळालं आहे. आणि भांडू नकोस. कतुबेची प्रत चांगल्या कागदावर काढून दे.

---

पेणची_पोर | २१ नोव्हेंबर

काका, ऑफिसात लॅपटॉपसमोर रडले. 'दारफाळणीचा सण' माझी आजी म्हणायची. मी तो शब्द वीस वर्षांत ऐकला नव्हता.

बाकी सगळ्यांना धन्यवाद, एकेकाला सावकाश लिहिते. नाना, तुमचा पाठशाळेचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, बरोबर आहे, फक्त मला पाठशाळा मिळाली नाही हीच माझी तक्रार आहे.

खरी अडचण आता मला नीट सांगता येते आहे. डे स्कूल तिला ज्यू करेल यात शंका नाही. पण ते ज्यू असणं पोलंडचं असेल. हनुकाला लाटके, आजीला 'बुब्बी', आणि पेसाखला, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला, भात वर्ज्य. आमच्याकडे पेसाखला तांदूळ निवडून निवडून खातात, अश्केनाझी खात नाहीत. शाळेतून येऊन ती मला सांगेल की आई, तू चुकतेस. पब्लिक स्कूलमध्ये निदान असं सांगणारं कोणी नाही. तिथे हे सगळं तिला मी द्यायचं. आणि मला किती येतं? मलिदा आणि चार गाणी.

---

रविवारची_शाळा | २१ नोव्हेंबर

चार गाणी म्हणजे माझ्या वर्गाच्या तिप्पट.

---

सडेतोड_नाना | २२ नोव्हेंबर

अश्दोदकरांना नमस्कार. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण 'हिशोब सांगतो' यापुढे बोलायला जागा नाही.

पेणची_पोर, फॉर्म भरणार असाल तर त्या बाईंच्या नावाने एक पत्र मुख्याध्यापकांना जरूर लिहा. काका भांडू नका म्हणतात, मी म्हणतो लिहा. गोड आवाजात लिहा.

---

पेणची_पोर | ४ फेब्रुवारी २०२६

धागा वर काढतेय. पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

पत्र लिहिलं. कतुबेची प्रतही चांगल्या कागदावर दिली. मुख्याध्यापकांचा फोन आला, माफी मागितली. फीची सवलत मागितली, थोडी मिळाली. जावईबापू, आम्हीही गाडी बदललेली नाही. सप्टेंबरपासून लेक जातेय. दारावर गार्ड असतो, तिला तो फार आवडतो. पहिल्या आठवड्यात अक्षरांवर मध लावून चाटायला दिला. घरी येऊन म्हणाली, आलेफ गोड आहे, बेत चिकट आहे. मला दसऱ्याची पाटीपूजा आठवली.

नोव्हेंबरात एकदा घरी येऊन म्हणाली, "मोराने सांगितलं, आपण सगळे पोलंडहून बोटीने आलो." मोरा म्हणजे शिक्षिका. मी म्हटलं, बोटीने आलो हे बरोबर, पण बोट अलिबागजवळ नवगावला फुटली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात बोट फुटल्याचं चित्र काढलं. मोराचा मेल आला: घरी सगळं ठीक आहे ना?

मग मी सविस्तर उत्तर लिहिलं. मोरा चांगली निघाली. तिनेच विचारलं, तू बिश्वातला तुमच्याकडे काय करतात? हा झाडांचा सण, शाळेत फळं खातात, प्रत्येक फळाची प्रार्थना म्हणतात. मी लिहिलं, आमच्याकडे त्याच दिवशी एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, उरूस असतो. अलिबागजवळ खंडाळ्याला खडक आहे, तिथून त्यांचा रथ आकाशात गेला असं मानतात. आणि मलिदा करतात: पोहे, गूळ, नारळ, फळं. तिने कळवलं, घेऊन या!

पण घरचं अन्न शाळेत चालत नाही, हे खडूफळाताईंनी आधीच सांगितलं होतं. मग असं ठरलं की मलिदा शाळेच्याच स्वयंपाकघरात करायचा, तिथल्या मश्गियाखच्या, म्हणजे कोशर तपासणाऱ्याच्या, नजरेसमोर. सोमवारी सकाळी साडेसातला गेले. गृहस्थ साठीचे, पांढरी दाढी, ब्रुकलिनी इंग्रजी. गुळाच्या पाकिटावर छाप होता, नारळ अख्खा होता, ते पास. पोह्यांच्या पाकिटावरही छाप होता, तरी म्हणाले, धान्य आहे, किडा बघावा लागेल. पांढरा मोठा ट्रे घेतला, त्यावर पोह्यांचा पातळ थर पसरला, वर दिवा धरला आणि एका बोटाने एकेक ओळ बाजूला सारत गेले. दोन पाकिटं, पस्तीस मिनिटं. मी समोर उभी. आजी ठाण्याच्या गॅलरीत बसून ताटात तांदूळ निवडायची, तेच बोट, तीच मान. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमची आजी माझं काम करत होती." मी म्हटलं, बिनपगारी.

चोवीस मुलं. पाच फळं मांडली, गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्या. मोराने फळांच्या प्रार्थना म्हटल्या, मी 'एलियाहू हनाबी' म्हटलं. हिब्रूच आहे, पण आमच्या चालीवर. मोराला शब्द सगळे येत होते, चाल येत नव्हती, म्हणून ती मध्येच थांबली आणि मुलं तिच्याकडे बघायला लागली. लेक मात्र माझ्याबरोबर शेवटपर्यंत म्हणाली. एका मुलाने मलिदा तोंडातून बाहेर काढला. तिघांनी परत मागितला. मश्गियाख दारात उभे राहून वाटी संपवत होते.

पेसाखच्या सूचनांचा कागद मार्चमध्ये येईल. भाताचं काय ते तेव्हा बघू.

---

खडूफळा | ४ फेब्रुवारी

बोट फुटल्याचं चित्र!! स्टाफरूममध्ये एकटीच हसतेय. भाताबद्दल मोराला आत्ताच लिहून ठेवा. आमच्याकडे 'घरोघरच्या चालीरीती' म्हणून एक ओळ घालतात सूचनांत, सिरियन कुटुंबांमुळे सुरू झाली.

---

अश्दोदकर | ५ फेब्रुवारी

मुलगी, नातवाने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. आम्ही परवा इथे मलिदा केला. बायको विचारते, पोहे जाडे घेतलेस की पातळ? पातळ पोह्यांचा मलिदा होत नाही, लगदा होतो.

---

पेणची_पोर | ५ फेब्रुवारी

काका, पातळ. एडिसनच्या दुकानात छापवाले जाडे संपले होते. काकूंना सांगू नका.